सगळ्यांकडे तोंड करून बसणारा

आज आम्ही अमेरिकेतल्या एका खेळाडूची गोष्ट घेऊन आलो आहोत. त्याचं नाव एल्स्टन हॉवर्ड. तो बेसबॉल खेळायचा, आणि बेसबॉलमध्येही कॅचर होता. पुढे तो कोच झाला. कोच झाला, पण त्याच्या पुढची जी एक पायरी होती ती त्याला कधी चढू दिली नाही. आजचं बोलणं त्या पायरीबद्दल आहे.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे शाळांमधून मुली सॉफ्टबॉल खेळतात, ते तुमच्यातल्या काहीजणींनी पाहिलं असेल. बेसबॉल हा त्याचाच थोरला भाऊ. चेंडू छोटा आणि टणक, वजन साधारण दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. एकजण उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, तो पिचर. समोर बॅटवाला. आणि बॅटवाल्याच्या पाठीमागे उकिडवा बसलेला असतो तो कॅचर. आपला विकेटकीपर डोळ्यांसमोर आणा, पण स्टंप काढून टाका आणि त्याला बॅटच्या अगदी मागे, हातभर अंतरावर आणून बसवा. पिचरचा हात आणि कॅचरचा हातमोजा यांच्यात अंतर फक्त साठ फुटांचं. त्यातून चेंडू ताशी 140-145 किलोमीटरने येतो, कधी त्याहूनही वेगाने. बॅटला चाटून तो कुठेही उडू शकतो. म्हणून कॅचरच्या तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर गादी, नडग्यांवर कवच. या सगळ्या जामानिम्याला अमेरिकेतले खेळाडू गमतीने ‘अडाण्याची अवजारं’ म्हणतात. शहाणा माणूस असं काम पत्करेल कशाला, हा त्यातला टोमणा.

प्रत्यक्षात अडाण्याला हे काम एक दिवसही जमणार नाही. मैदानात एका संघाचे नऊजण असतात. त्यातल्या आठजणांची तोंडं बॅटवाल्याकडे. एकटा कॅचर उलट दिशेला, म्हणजे त्या आठजणांकडे तोंड करून बसतो. सगळं मैदान त्यालाच दिसतं. कोण कुठे उभा आहे, कोण चुकीच्या जागी सरकलाय, समोरच्या संघाचा कोणता गडी चोरून पुढच्या बेसवर पळायच्या बेतात आहे, हे त्याला दिसतं. पुढचा चेंडू कसा टाकायचा, वेगाने की हळू, आत की बाहेर, हे तो मांड्यांच्या आडोशाला बोटांच्या खुणा करून पिचरला सांगतो. कुठल्या बॅटवाल्याला मागच्या खेपेला काय टाकलं होतं ते त्याच्या डोक्यात असतं. पिचर चिडला, घाबरला, दमला, की उठून त्याच्याकडे जायचं, दोन शब्द बोलायचे, खांद्यावर हात ठेवायचा आणि परत येऊन बसायचं. एका सामन्यात असं शंभर-सव्वाशे वेळा उठबस. गुडघ्यांचं काय होत असेल ते सांगायला नको, भातलावणी केलेल्या बायांना तर नकोच.

म्हणूनच अमेरिकेत असं मानतात की चांगला कॅचर हा खेळणं संपल्यावर चांगला मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे ऑफिसातला साहेब नव्हे. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ता. कोण खेळणार, कोण बसणार, कोणत्या वेळी कोणाला बदलायचं, हे सगळं तो ठरवतो. त्याच्या हाताखाली कोच असतात. ते शिकवतात, खुणा देतात, सराव करून घेतात. निर्णय मात्र मॅनेजरचा. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

एल्स्टनचा जन्म 23 फेब्रुवारी 1929चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातला. आईचं नाव एमलीन. कुटुंब कृष्णवर्णीय. त्या काळी अमेरिकेत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, आणि बेसबॉलसुद्धा वेगळा. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला घ्यायचं नाही, असा कागदावर न लिहिलेला पण सगळ्यांनी पाळलेला नियम होता. वेगळी भांडी आणि वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायांना कोणी समजावून सांगायला नको. काळ्यांनी आपले संघ काढले, आपली लीग चालवली. एल्स्टन शाळेत सगळ्याच खेळांत पुढे होता. विद्यापीठांकडून शिष्यवृत्तीची बोलावणीही आली होती. पण तो 1948मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्यांच्या नामांकित संघात गेला.

तिथे त्याचा मॅनेजर होता बक ओनील. हे नाव आम्ही मुद्दाम घेतोय. हा माणूस पुढे 1962मध्ये शिकागो कब्ज या संघाचा कोच झाला. मोठ्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय कोच. पण कोच म्हणून नेमला तरी सामना चालू असताना त्याला मैदानात बेसपाशी उभं केलं नाही. काळ्या लीगमध्ये अख्खा संघ चालवलेला माणूस, आणि इथे मैदानाच्या कडेला बसायचं. त्याने हेरून आणलेली पोरं पुढे नावारूपाला आली, हे मात्र सगळ्यांना चाललं. एल्स्टनच्या आयुष्यात पुढे जे व्हायचं होतं त्याची रंगीत तालीम त्याच्या गुरूच्या आयुष्यात होऊन गेली होती म्हणा ना.

मोठ्या लीगचा न लिहिलेला नियम 1947मध्ये मोडला. ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला खेळवलं. हे ब्रुकलिन न्यूयॉर्क शहराचाच भाग. त्याच शहरात न्यूयॉर्क यांकीज हा सगळ्यांत श्रीमंत, सगळ्यांत जास्त वेळा जिंकणारा संघ होता. यांकीजला काळा खेळाडू खेळवायला आणखी 8 वर्षं लागली. एकूण 16 संघ होते, त्यात यांकीजचा नंबर तेरावा. जॅकी रॉबिन्सनने 1952मध्ये टीव्हीवर उघड सांगून टाकलं की यांकीजचे कारभारी भेदभाव करतात. आरडाओरडा झाला. पण यांकीज जिंकत होते, आणि जिंकणाऱ्याला जाब विचारायला कोणी सहसा जात नाही.

एल्स्टनला त्यांनी 1950मध्येच मोनार्क्सकडून घेऊन ठेवलं होतं. मग दोन वर्षं लष्करात, मग खालच्या लीगमध्ये. तोवर तो बहुतेक बाहेरच्या मैदानात खेळायचा. 1954मध्ये यांकीजनी ठरवलं की याला कॅचर करायचं. त्याला शिकवायला बिल डिकी यांना बोलावलं. डिकी म्हणजे यांकीजचे जुने, थोर कॅचर. आता यात मेख अशी की यांकीजकडे त्या वेळी कॅचर होता योगी बेरा. देशातला सर्वोत्तम म्हणावा असा, आणि वय तिशीच्या आतच. म्हणजे घरात एक सून भक्कम उभी असताना दुसरीला त्याच चुलीपाशी बसवायचं. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी लगेच लिहिलं की याला अडकवून ठेवायचा हा डाव आहे. डाव होता की नव्हता, कोण जाणे. एल्स्टन मात्र शिकला, मनापासून शिकला. त्याच वर्षी टोरांटोच्या संघातून खेळताना तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याचं सेंट लुईसच्याच आर्लीन हेन्लीशी लग्न झालं.

14 एप्रिल 1955ला तो यांकीजकडून पहिला सामना खेळला.

त्या पहिल्या मोसमातली एक गोष्ट सांगतात. एका सामन्यात त्याच्या फटक्यावर यांकीज जिंकले. तो आत आला तर सोबत्यांनी त्याच्या कपाटापासून न्हाणीघरापर्यंत पांढरे टॉवेल अंथरून ठेवलेले, राजासाठी पायघड्या घालाव्यात तसे. फिल रिझुटो नावाचा जुना खेळाडू त्याला नव्या गावात सोबत घेऊन जायचा. माणसं वाईट नव्हती. आणि त्याच संघाचे मॅनेजर केसी स्टेंगल यांनी, शेवटी मिळाला तो काळा खेळाडूही पळता न येणारा, अशा अर्थाचं बोलणं काळ्यांसाठीचा घाणेरडा शब्द वापरून केलं, असंही सांगतात. टॉवेलच्या पायघड्या आणि ते बोलणं, दोन्ही एकाच घरातलं. हेच कळायला अवघड जातं, नाही का? घरात नुसती वाईटच माणसं असती तर ती सोडून जाणं सोपं असतं.

दर वर्षी मोसमाआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये संघ फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला सरावाला जायचा. तिथलं संघाचं हॉटेल फक्त गोऱ्यांसाठी. सकाळभर एल्स्टन सोबत्यांबरोबर घाम गाळायचा आणि संध्याकाळी ते हॉटेलात जायचे, तर हा गावाच्या दुसऱ्या बाजूला काळ्यांच्या वस्तीत. तिथे डॉक्टर राल्फ विम्बिश आणि त्यांची बायको बेट यांचं घर होतं. काळ्या खेळाडूंची राहायची सोय हे कुटुंब बघायचं. अशी बरीच वर्षं गेली. मग 1961मध्ये डॉक्टरांनी जाहीर करून टाकलं की यापुढे आम्ही ही सोय करणार नाही. संघ तुमचा, खेळाडू तुमचे, त्यांना एका छपराखाली ठेवायची जबाबदारीही तुमची. आम्हांला हे फार आवडलं. मदत थांबवणं हीसुद्धा कधी कधी मोठी मदत असते. पुढच्याच वर्षी यांकीज सरावाची जागा बदलून फोर्ट लॉडरडेलला गेले, आणि तिथे सगळे एकत्र राहू लागले. बेट विम्बिश पुढे कायदा शिकल्या आणि 1969मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नगरपरिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य झाल्या.

आता खेळ. योगी बेरा कॅचर असल्यामुळे एल्स्टनला जिथे जागा मिळेल तिथे खेळावं लागे. कधी बाहेर डावीकडे, कधी पहिल्या बेसवर, कधी बेराला विश्रांती म्हणून कॅचर. कुरकुर नाही. 1958च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीज तीन सामने हरले होते. आणखी एक हरले असते तर खेळ खलास. पाचव्या सामन्यात डावीकडे खेळताना त्याने सूर मारून एक झेल घेतला आणि तिथून वारं फिरलं. यांकीज जिंकले. त्या सिरीजचा बेब रूथ पुरस्कार त्याला मिळाला. तरीही रोजचा कॅचर म्हणून जागा मिळायला 1961 उजाडलं, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .348 होती. बेसबॉलमध्ये .300 म्हणजे उत्तम समजतात, त्यावरून अंदाज घ्या. त्याच वर्षी व्हाइटी फोर्ड हा पिचर 25 सामने जिंकला आणि फक्त 4 हरला. ते चेंडू झेलणारा आणि खुणा देणारा एल्स्टन होता. फोर्डला त्याने टोपणनाव दिलं, ‘चेअरमन ऑफ द बोर्ड’. सामना चालवायचा स्वतः आणि चेअरमन म्हणायचं दुसऱ्याला! ही खोड आपल्याही ओळखीची आहे.

1963मध्ये संघाचे दोन मोठे फलंदाज, मँटल आणि मॅरिस, दुखापतींमुळे मोसमाचा बराच काळ बाहेर होते. एल्स्टनने संघ ओढून नेला. 28 होम रन, सरासरी .287, कॅचर म्हणून सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह. अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मोठ्या बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. नॅशनलमध्ये जॅकी रॉबिन्सनला हा मान 1949मध्येच मिळाला होता आणि नंतर कित्येक काळ्या खेळाडूंना मिळाला. अमेरिकन लीगमध्ये एल्स्टन पहिला.

पुढे कोपर दुखावलं, शस्त्रक्रिया झाली, हात पूर्वीसारखा राहिला नाही. ऑगस्ट 1967मध्ये यांकीजनी त्याला बोस्टन रेड सॉक्सकडे देऊन टाकलं. बोस्टन म्हणजे यांकीजचे हाडवैरी, आणि काळा खेळाडू घेण्यात सगळ्यांत शेवटचा संघ. त्या दोन महिन्यांत बोस्टनसाठी त्याची फलंदाजीची सरासरी .147 होती. वाईटच. तरी त्या संघाच्या आठवणींमध्ये एल्स्टनचं नाव आदराने घेतात. संघ कोवळा होता, पहिल्या नंबरसाठी चार संघांत रस्सीखेच चालू होती. 27 ऑगस्टला शिकागोविरुद्ध शेवटचा डाव, बोस्टन एका धावेने पुढे. शिकागोचा गडी बरोबरीची धाव घ्यायला होम प्लेटकडे सुटला. बाहेरून आलेला चेंडू उंच होता. एल्स्टनने उडी मारून तो एका हाताने घेतला, खाली येताना डावा पाय प्लेटसमोर आडवा टाकला आणि त्या गड्याला बाद केलं. सामना संपला. महिनाभरात बोस्टनने लीग जिंकली. 38 वर्षांच्या, फटके न लागणाऱ्या माणसाने संघाला काय दिलं, ते आकड्यांत कुठे लिहिणार?

1968नंतर त्याने खेळणं सोडलं. त्याच सुमारास एक आशेची गोष्ट घडत होती. बिल व्हेक नावाचे एक संघमालक वॉशिंग्टनचा संघ विकत घ्यायच्या खटपटीत होते. त्यांनी एल्स्टनला शब्द दिला होता की संघ मिळाला तर मॅनेजर तू. तसं झालं असतं तर तो मोठ्या लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर ठरला असता. पण संघ दुसऱ्याच माणसाने घेतला.

मग 1969मध्ये यांकीजनी त्याला कोच म्हणून बोलावलं. अमेरिकन लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय कोच. बक ओनीलला जे मिळालं नव्हतं ते त्याला मिळालं. सामना चालू असताना तो गणवेशात पहिल्या बेसपाशी उभा राहायचा, धावणाऱ्याला सांगायचा, थांब, पळ, पिचरच्या खांद्याकडे बघ. त्याच वर्षी थर्मन मन्सन नावाचा तरुण कॅचर संघात आला. एल्स्टनला एकदा डिकींनी शिकवलं होतं, आता मन्सनसारख्या पोरांना शिकवायला एल्स्टन होता. मन्सन पुढे 1976मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. एल्स्टन कोच असताना यांकीजनी 1977 आणि 1978 अशी दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकली.

11 वर्षं तो कोच होता. या 11 वर्षांत मॅनेजरची खुर्ची किती वेळा रिकामी झाली बघा. 1973नंतर राल्फ हाउक गेले, बिल व्हर्डन आले. 1975मध्ये व्हर्डन गेले, बिली मार्टिन आले. 1978मध्ये मार्टिन गेले, बॉब लेमन आले. 1979मध्ये लेमन गेले, पुन्हा मार्टिन आले. दर वेळी एल्स्टन कोचच राहिला. संघातला प्रत्येक खेळाडू त्याला ओळखत होता.

तुम्ही म्हणाल, कॅचरला त्या संघात मॅनेजर करायची पद्धत नसेल. होती की! ज्या बिल डिकींनी त्याला शिकवलं ते 1946मध्ये यांकीजचे मॅनेजर होते. राल्फ हाउक स्वतः कॅचर, तेही राखीव. 1961मध्ये मॅनेजर झाले. आणि योगी बेरा? 1963मध्ये यांकीजचा खेळाडू म्हणून शेवटचा मोसम आणि 1964मध्ये थेट मॅनेजर. बेराही सेंट लुईसचाच, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. एकाच गावचे, एकाच जागी बसणारे, एकाच संघातले दोन कॅचर. एकाला खेळ सोडल्याबरोबर खुर्ची मिळाली, दुसऱ्याने 11 वर्षं वाट पाहिली. यात बेराचा काही दोष नाही हे सांगायला हवं. तो 1976मध्ये कोच होऊन परत आला तेव्हा दोघं शेजारी शेजारी काम करत होते.

त्या दोघांचं एक दृश्य अमेरिकेतल्या लोकांना अजून आठवतं. 18 जून 1977, बोस्टनमधला सामना, देशभर टीव्हीवर चालू. मॅनेजर बिली मार्टिन यांनी रेगी जॅक्सन या स्टार खेळाडूला चालू डावात मैदानातून परत बोलावलं, आळस केला म्हणून. जॅक्सन कृष्णवर्णीय, तापट. मार्टिन गोरे, त्याहून तापट. खेळाडूंच्या बाकांपाशी मार्टिन त्याच्या अंगावर धावून गेले. त्यांना मध्ये पडून कोणी धरलं? हॉवर्ड आणि बेरा या दोन जुन्या कॅचरनी. म्हणजे संघ चालवायची खुर्ची ज्याला दिली नाही, त्याने त्या खुर्चीवरच्या माणसाला आवरायचं. बचत गटाचा सगळा हिशेब लिहायचा एकीने आणि सही करायला दुसरीच, असं ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना हे दृश्य न बघताही दिसेल.

1975मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने फ्रँक रॉबिन्सनला मॅनेजर केलं. मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर तो. एल्स्टनला ती संधी नंतरही आली नाही.

आता त्याच्या गप्प राहण्याबद्दल. हे बोलणं लिहायला बसलो तेव्हा आमच्यात दोन तट पडले. एल्स्टन स्वभावाने शांत, अदबशीर. काही लेखकांनी असं म्हटलंय की यांकीजनी पहिला काळा खेळाडू म्हणून त्याला निवडलं ते याच कारणाने. त्याच्याआधी त्यांच्याकडे विक पॉवर नावाचा प्वेर्तो रिकोचा एक काळा खेळाडू तयार होता, बोलका, ऐटबाज. त्याला 1953च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. आमच्यातल्या काहीजणींचं म्हणणं पडलं की एल्स्टनने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. ‘मुकाट राहणाऱ्याला सगळे चांगला म्हणतात आणि देत काहीच नाहीत,’ असं आमच्यातली एक म्हणाली. दुसऱ्या बाजूच्या म्हणाल्या, अगं, 1955मध्ये तो एकटा होता. एक शब्द वावगा गेला असता तर पुढच्या दहा पोरांची वाट बंद झाली असती. सहन करणं हेही त्याचं कामच होतं, त्याचा वेगळा पगार मिळाला नाही इतकंच.

आमचं एकमत झालं नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना पटली. ज्यांनी त्याला शांत आहे म्हणून आत घेतलं, त्यांनाच पुढे तो खुर्चीवर नको होता. एकाच गुणावर माणसाला घ्यायचं आणि त्याच गुणावर अडवायचं. तो ओरडला असता तर तापट म्हणून नाकारला असता, विक पॉवरचं झालं तसं. मग दार उघडायची किल्ली होती तरी कुठली?

आर्लीन मात्र गप्प राहणारी नव्हती. नवरा जितका मितभाषी तितकी ती सडेतोड. तिचं म्हणणं सरळ होतं. तो लायक होता, त्याला डावललं. नवऱ्याच्या माघारी 2001मध्ये तिने पुस्तक केलं, ‘एल्स्टन अँड मी’ या नावाचं. सोबत लेखक होता राल्फ विम्बिश, म्हणजे त्याच डॉक्टर आणि बेट विम्बिश यांचा मुलगा. ज्या घराने एल्स्टनला कॉट दिली त्याच घराने पुढे आर्लीनला लेखणी दिली. अशा पुस्तकांवर लोक म्हणतात की बायकोच ती, कौतुकच करणार. म्हणोत. पण वर आम्ही ज्या तारखा आणि नावं सांगितली, कोण कधी मॅनेजर झाला आणि कोण झाला नाही, ती काही बायकोच्या प्रेमातून आलेली नाहीत. ती नोंदींमध्ये आहेत, कोणीही जुळवून बघावं.

1979च्या सुरुवातीला एल्स्टनच्या हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचं निदान झालं. त्या वर्षीच्या 2 ऑगस्टला मन्सन विमान अपघातात गेला. मैदानातलं काम एल्स्टनला झेपेना. 1980मध्ये संघाने त्याला कचेरीतलं काम दिलं. 14 डिसेंबर 1980ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय फक्त 51.

21 जुलै 1984ला यांकीजनी त्याचा 32 नंबर कायमचा निवृत्त केला. म्हणजे त्या संघात तो नंबर यापुढे कोणी घालायचा नाही, हा तिथला मोठा मान. मैदानात त्याच्या नावाची पाटी बसवली. तो मान स्वीकारायला उभी राहिली आर्लीन. आणि त्या दिवशी संघाचा मॅनेजर होता योगी बेरा, दुसऱ्यांदा त्या खुर्चीवर आलेला.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. बेसबॉलमध्ये खेळायला जाण्याआधी फलंदाज बॅटवर एक जड कडं चढवून ती फिरवून घेतो, म्हणजे कडं काढल्यावर बॅट हलकी वाटते. गोल, मध्ये भोक, बांगडीला जाड करावं तसं. तिथे त्याला डोनट म्हणतात. हे कडं चालू करण्यात एल्स्टनचा हात होता, त्याच्या नावाने ते विकायलाही आलं होतं. सॉफ्टबॉलच्या किंवा बेसबॉलच्या सामन्यात कडेला उभी राहून कोणी पोर असं कडं घातलेली बॅट फिरवताना दिसली, तर शेजारच्या बाईला सांगा ते कोणाचं आहे.

आज इथेच थांबतो.